आतल्या कॉम्प्युटरातल्या मुली

भिकनवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. तसा तो माझा सहसा कुणावरच नसतो. उभी हयात शाळेत गेली. ‘वही घरी राहिली’ म्हणणारी पोरं बघून बघून माणसाचं असंच होतं.

भिकनची जळगावला टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. खाली पिठाची गिरणी, वर टाइपरायटरांची खडखड. मुलींचे बाप तिथं निर्धास्तपणे मुली पाठवत. वर्गाचं दार कधी लावलेलं नसे, आणि मुलगी अर्ध्यात निघाली तर भिकन स्वतः घरी निरोप धाडी. त्या भरवशावरच त्याचं घर चाललं होतं. पुढे टाइपरायटर मागे पडायला लागले, तेव्हा त्यानं एक कॉम्प्युटर घेतला आणि पुस्तकं वाचून तो शिकलासुद्धा.

नव्याण्णव साली आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं ठरवलं, की सगळी स्थळं कॉम्प्युटरवर घ्यायची. शिक्षण, उंची, मामेकुळ म्हणजे आईच्या माहेरचं कुळ सांगितलं की जुळणारी स्थळं पडद्यावर हजर. काम भिकनला दिलं. मी मंडळाची चिटणीस. राहते धुळ्याला, देवपुरात; पण एसटीनं जळगावला जाऊन कामावर नजर ठेवायचं मीच अंगावर घेतलं.

एकदा न सांगता जाऊन उभी राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकट, आणि त्या चौकटीत दुसराच कॉम्प्युटर सुरू होत होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं पहिल्यापासून.

“हे काय रे?”

“कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर, अक्का. खोटा. पुतण्यानं पुण्याहून सीडी आणून दिली.”

“खऱ्याला काय झालंय?”

“होऊ नये म्हणूनच. मागं प्रोग्राम लिहिताना मशीनच बसलं. क्लासच्या मुलींचं सगळं काम गेलं. आता चुका करायच्या त्या आतल्यात. तो मेला तरी बाहेरचा शाबूत.”

“म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही?”

“अजिबात नाही!” तो फुशारकीनं म्हणाला.

मी पर्स काखेत घट्ट धरली. बाहेर कळू नये असं कुठलं काम चांगलं असतं?

“अक्का, बिबड्यांचा घाटा शिजला की आधी एक थापून, वाळवून, भाजून बघता ना? तसंच हे.”

बिबड्याचं, म्हणजे आमच्या ज्वारीच्या पापडाचं, मला पटलं. पण पाहायला भाजलेला बिबडा आपण खाऊन टाकतो, डब्यात भरत नाही. ह्याच्या आतल्या डब्यात तर मुलीच मुली भरलेल्या. नाव, गाव, शिक्षण, मामेकुळ, सगळं. म्हणे मनानं रचलेल्या, प्रोग्राम तपासायला.

घोळ तिथंच झाला. आमच्याकडे मुलगी म्हटली की आधी मामेकुळ विचारतात, म्हणून भिकननं रचलेल्या मुलींनासुद्धा मामेकुळं दिली. इतक्या नीट खोट्या मुली करू नयेत. मंडळाचे एक सभासद, भडगावचे जीवरामभाऊ, मुलासाठी स्थळं बघायला आले आणि त्यांच्या नजरेला नेमकी ‘कु. चारुशीला, एम.एस्सी., भडगाव’ पडली.

“मी भडगावनाच शे. बठ्ठा घरं माले माहीत शेतस. हाई पोर कोनी?”

“कोणाचीच नाही, भाऊ. रचलेली आहे.”

“मामेकुळ शे, आनि पोर नही?”

झालं. आठवडाभरात जळगावपासून धुळ्यापर्यंत एकच चर्चा. चांगल्या मुली भिकननं आतल्या कॉम्प्युटरात दडवल्यात, बाहेर उरल्यासुरल्या. दुसरे म्हणत, मुलींची माहिती तो बाहेर विकतो. मी म्हटलं, खरी माहिती अजून मंडळाच्या जळगावच्या कचेरीत माझ्या कपाटात कुलपाखाली आहे, त्याला एक कागदही दिलेला नाही. पण ऐकतंय कोण? बापांनी मुली क्लासातून काढायला सुरुवात केली. मोकळी स्टुलं बघून भिकनचं तोंड उतरलं.

मंडळाची बैठक त्याच्याच वर्गात बोलावली. जीवरामभाऊ सगळ्यात पुढे.

“आतला कॉम्प्युटर पुसूनच टाकतो,” भिकन काकुळतीला येऊन म्हणाला.

“पुस ना! म्हंजे पुरावाच गया.”

मग भिकननं त्यांनाच आपल्या शेजारी बसवलं. “भाऊ, तुम्हीच एक मुलगी टाका.” जीवरामभाऊंनी हवी तशी सून सांगितली: उंच, गोरी, सरकारी नोकरी. भिकननं टाइप केली, ती पडद्यावर आली. मग त्यानं आतला कॉम्प्युटर कालच्या स्थितीत नेला. सून गायब. बाहेरचा जसाच्या तसा.

लोक हसले. जीवरामभाऊ हसले नाहीत. “हाई जशी गायब कयी, तशी खरी पन करशी.”

मुद्दा बिनतोड होता. माझ्या मनात मात्र वेगळंच खटकत होतं, ते मी विचारलंच. “भिकन, माझ्या कपाटात सगळ्यांच्या मुली आहेत. तुझी मंजुषा कुठे आहे? तुझाच तुझ्या कॉम्प्युटरवर भरवसा नाही का?”

भिकन खाली बघत म्हणाला, “तिला विचारलं नव्हतं.”

“मग आता विचारा,” मागून आवाज आला. मंजुषाच. तीही तिथंच टायपिंग शिकवायची. “बाबा, उठा. आतला बंद करा.”

ती खुर्चीवर बसली आणि सगळ्यांसमोर बाहेरच्या, खऱ्या कॉम्प्युटरात स्वतःचं नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ स्वतःच टाइप केलं. खाली न बघता, भराभर. मग वळून म्हणाली, “पहिलं खरं नाव माझं. आता ज्यांना मुली क्लासला पाठवायच्या नसतील त्यांनी नका पाठवू. आणि अक्का, स्थळं येऊ देत. नकार द्यायचा तर माझा मी देईन.”

ज्याची मुलगी पहिल्या ओळीत, तो दुसऱ्यांच्या विकेल कशाला? हे बापांना समजलं. हळूहळू स्टुलं भरली. मीही कपाटाची किल्ली भिकनला दिली. दुसरी जवळ ठेवून.

पहिलं स्थळ कुणाचं आलं असेल? जीवरामभाऊंचं. फोटो मागायला स्वतः जिना चढून आले. “हाई पोर ते खरी शे ना?”

भिकननं आत जाऊन लेकीला विचारलं. आतून तिचं उत्तर भाऊंना आणि तिथंच बसलेल्या मलाही स्वच्छ ऐकू आलं.

“भाऊंना सांगा, मला आतल्या कॉम्प्युटरात टाकलंय.”