ओट्याचा शब्द

माझे अक्षर वाकडे आहे आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी ते मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कोणाच्या हाती लागली तर तेवढे सांभाळून घ्यावे.

निवडून आलेली माणसे दिलेला शब्द का विसरतात, असे टीव्हीवर विचारतात. तेव्हा मी गप्प बसते. पाच वर्षे मीही ग्रामपंचायतीची सदस्य होते.

आमच्या वाडीतल्या बायका समुद्रकाठच्या पुळणीवर बांगडे, सुकट वाळवतात. मासळीला वाळू चिकटली की रत्नागिरीच्या बाजारात भाव पडतो. म्हणून सिमेंटचा ओटा हवा होता. प्रभागातली जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा सगळ्यांनी मला पुढे ढकलले. "ही कोणाशी भांडत नाय, हिला सगळे मत देतील." फॉर्मच्या खर्चाला प्रत्येकीने शंभर रुपये काढले. शेजारची काकी म्हणाली, "ओटा बांधलास की फिटले. नायतर परत घेईन हां." देवीच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, त्यातही ओट्याचे नाव घेतले.

प्रचाराचे ते दिवस आठवले की अजून हसू येते. निशाणी कपबशी. मी दारात लाजून उभी, बोलायच्या त्या बाकीच्या. एक म्हातारा म्हणाला, "नुसती कपबशी? च्या कुठाय गो?" काकी म्हणाली, "ओट्यावर ये, पाजते!" तशी मजा पुन्हा आली नाही.

पहिल्या सभेला मी ओट्याचे बोलणे घोकून गेले. रस्ता, पाणी, गटार असे कागद वाचून झाले. सरपंचांनी विचारले, "वहिनी, तुमचा काही विषय?" सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नाही म्हणून मान हलवली आणि सही केली. पुढच्या सभेला बोलू म्हटले. त्या सभेला वाटले, आधी का बोलला नाहीत असे विचारतील. मग बायकांना तोंड कसे दाखवायचे म्हणून पुळणीची वाट सोडली आणि मासळी अंगणात वाळवू लागले. त्या भेटेनाशा झाल्या, तसा ओटाही आठवेनासा झाला. मन टोचले की देवीपुढे नारळ ठेवून माफी मागायची. शब्द तिच्यासमोर दिला होता, तिने सोडवले की सुटले, असे वाटायचे. मोठ्या पुढाऱ्यांचे काय होत असेल मला ठाऊक नाही. माझे असे झाले.

मुदत संपली आणि पुळणीवरच्या त्या सकाळी फार आठवू लागल्या. मला पुन्हा त्यांच्यात बसायचे होते. बांगडे विकून पैसे साठवले आणि एकेकीचे परत केले. "व्याज कुठाय, मेंबरबाय?" असे म्हणत सगळ्यांनी घेतले. फक्त काकीने दोनदा हात मागे घेतला. "पैसे नकोत, ओटा दे."

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी तिच्या शेजारी बसून तिचे बांगडे पालटू लागले. "काकी, सभेत मी तोंडच उघडलं नाय. एकदाही नाय."

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. "तेव्हाच सांगायचं होतंस गो. टोपल्या घेऊन आम्ही सगळ्या येऊन बसलो असतो तिथे."

मला रडू आले. तिने माझ्यापुढचे बांगडेही पालटले. मग म्हणाली, "आता निवडणुकीचा फॉर्म मी भरते. आण ते शंभर, खर्चाला होतील."

मी नोट दिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली. एकीचेही देणे राहिले नाही.