ताईचा एक तास

माझ्या थोरल्या बहिणीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. घाटकोपरला, दुपारच्या पाळीत, चार तास. उशिरा पोचलं तर मशीन उशिरा सुरू होतं, पण बंद मात्र ठरल्या वेळीच होतं, कारण पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय मला नाही.

दोन दिवस तिची सून तिला रिक्षाने न्यायची. शनिवार माझा होता. मुलुंडहून मी तिला माझ्या गाडीतून न्यायचो, आणि ही गोष्ट नातेवाइकांत, सोसायटीत कुणी विचारली की सांगायचो, कुणी नाही विचारली तरी सांगायचो.

आमच्या सोसायटीत पार्किंगला नंबर नाहीत. जो आधी येईल त्याची जागा. पण वर्षानुवर्षं एकाच जागी गाडी लावली की ती जागा आपली वाटायला लागते. पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने जुनी गाडी घेतली आणि एकदा माझ्या जागेवर लावली. मी बोललो. त्याने पुन्हा लावली. मग मीही सगळे करतात तेच करायला लागलो, जागा अडवायला. आमच्याकडे कुणी बादली ठेवतं, कुणी मोडकी कुंडी. पण बादली काय, कुणीही उचलून भिंतीला लावतं. मला हलणार नाही असं काहीतरी हवं होतं. सीएनजीची टाकी बसवल्यापासून डिकीत स्टेपनीची अडचणच होत होती. मी ती बाहेर काढली आणि गाडी घेऊन निघताना जागेच्या मधोमध आडवी टाकायला लागलो. वर गाडीतलाच तो लाल चमकता त्रिकोण उभा करायचो, म्हणजे गेटमधून वळणाऱ्याला लांबूनच कळावं.

“अहो, स्टेपनी गाडीत ठेवायची असते ना?” बायकोने विचारलं होतं.

“मुंबईत कुठे लागते गं स्टेपनी? दर चौकात पंक्चरवाला आहे.”

दसऱ्याला गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूचा हार घातला. डाव्या मागच्या टायरला हळदकुंकू लावायला खाली बसलो तेव्हा त्याच्या बाजूला आलेला फुगवटा दिसला. सुपारीएवढा. बोटाने दाबून पाहिला. कुठल्या तरी खड्ड्याने आतले धागे तुटले की टायर असा फुगतो आणि मग तो कधीही जाऊ शकतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी मनात म्हटलं, दिवाळीनंतर चारही एकदम बदलू. आणि त्या फुगवट्याच्या शेजारीच कुंकवाचं बोट टेकवून उठलो.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी ताईला घेऊन निघालो. ऑक्टोबरचं ऊन होतं. कांजूरमार्ग मागे पडलं आणि मागून धप्प असा आवाज आला, गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेक न मारता स्टिअरिंग घट्ट धरून मी ती कशीबशी हायवेच्या कडेला आणली. आता वाटतं, त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली.

“काय झालं रे?”

“टायर गेला. तू बस आतच, बाहेर ऊन आहे. दहा मिनिटांत बदलतो.”

मी मागे जाऊन डिकी उघडली. आत काय नाही हे मला माहीत होतं. तरी झाकण वर करून बघत उभा राहिलो, कारण ताई मान वळवून मागे बघत होती. जॅक होता, पाना होता. मी तो पाना उगाच हातात घेतला.

बाजूने रिक्षा जात होत्या. रिकाम्या. ताईने काच खाली केली. “मी रिक्षा करून जाऊ का पुढे? तू ये मागून.”

इथे मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. त्या एका शब्दाने सगळं निभावलं असतं. पण ती रिक्षाने गेली असती तर सुनेने विचारलं असतं, मामा होते ना बरोबर? मग टायर, मग स्टेपनी, मग स्टेपनी कुठे होती. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं, आणि मी म्हणालो, “नको गं, एकटी कशाला जातेस. आपली स्टेपनीपण पंक्चर निघाली. गॅरेजवाला दुसरी घेऊन निघालाय, पोचेलच.”

मग गाडीपासून लांब जाऊन बायकोला फोन केला.

“मी कसं आणू ते धूड?” ती म्हणाली. “खालच्यांना सांगते, त्यांची स्कूटर आहे.”

“त्यांना नको.”

“मग कोणाला सांगू? वॉचमनला उचलून चालत पाठवू?”

तिने फोन ठेवला.

परत वळतो तर मागून येणारा एक टेम्पो गाडीला अगदी चाटून गेला. आमची गाडी नुसती थांबलेली आहे हे त्याला शेवटच्या क्षणी दिसलं असणार. वाऱ्याच्या झोताने गाडी हलली. आत ताई पुढच्या डॅशबोर्डला उजवा हात लावून, डावा हात पोटाशी धरून बसली होती. त्या डाव्या हातातच तिला डायलिसिसच्या सुया टोचतात. त्याला धक्का लागू द्यायचा नाही हे आमच्या घरातल्या लहान पोरांनाही माहीत आहे.

पुढच्या सिग्नलवरचा ट्रॅफिक हवालदार चालत आला. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली.

“बाईंना आत काय बसवून ठेवलंय? मागून कुणी ठोकलं म्हणजे? पहिलं खाली उतरवा, त्या रेलिंगच्या पलीकडे उभ्या करा. त्रिकोण कुठाय?”

“घरी राहिला, साहेब.”

“घरी काय पूजेला ठेवलाय? इंडिकेटर तरी लावा!”

ते चारही दिवे लावायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं. ताईला धरून मी रेलिंगच्या पलीकडे नेलं. हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. “आजारी आहेत?”

“डायलिसिसला चाललेय,” ताईच बोलली.

“अहो, मग थांबलाय कशाला? रिक्षा थांबवू?”

“माणूस येतोय साहेब, पोचलाच,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

त्याला सिग्नलवरून हाक आली, तो गेला. ताई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. पाणी तिला मोजकंच चालतं. तिने बाटलीतलं घोटभर तोंडात घेतलं, घोळवलं आणि मग हळूच गिळलं. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होतो. ती बघत होती.

बऱ्याच वेळाने शेजारी आला. स्कूटरच्या पायाशी स्टेपनी, तिच्या दोन्ही बाजूंना फाकवलेले पाय, हँडलला पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा लाल त्रिकोण. तो मूळचा मालवणचा. मस्करी करायची असली की मालवणीवर येतो.

“घ्या हो, तुमचो राखणदार इलो!” तो मोठ्याने म्हणाला. “जागेवरसून हलाक तयार नाय. म्हटलं बाबा, चल, मालक हायवेवर उभे हत.”

त्याचा हक्कच होता तो. तो हसत हसत स्टेपनी खाली उतरवत होता, आणि तेवढ्यात त्याला रेलिंगपलीकडे ताई दिसली. हसू तिथेच थांबलं.

“ताई इथे कशा? आज तुमचं घाटकोपरला असतं ना?”

“हो. गॅरेजवाल्याची वाट बघतोय,” ताई म्हणाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं, स्टेपनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “हे तुमच्या बिल्डिंगमधले ना?”

शेजारी माझ्याशी कायम ‘अहो-जाहो’ करणारा माणूस. पार्किंगवरून भांडतानाही त्याने ते सोडलं नव्हतं. तो म्हणाला, “अरे, वेडा आहेस का तू? रिक्षात बसवून द्यायचं ना त्यांना!”

त्याने रस्त्याच्या कडेला हात दाखवून रिक्षा थांबवली, ताईला बसवलं, तिला विचारून रिक्षावाल्याला डायलिसिस केंद्राचा पत्ता सांगितला आणि स्वतः स्कूटरवर मागोमाग गेला. जाताना पिशवीतला त्रिकोण काढून माझ्या हातात दिला.

चाक मी एकट्याने बदललं. महिनोन्‌महिने उन्हात पडलेल्या स्टेपनीत हवाही धड उरली नव्हती. गाडी जॅकवरून खाली घेतली तशी ती चपटी बसली. पेट्रोलपंपापर्यंत बैलगाडीसारखी चालवत नेली, हवा भरली आणि केंद्रावर पोचलो. ताई मशीनवर होती. शेजारी बाहेर बाकावर बसला होता. मला बघून तो उठला, “तीनच तास मिळतील म्हणतायत,” एवढंच बोलला आणि निघून गेला.

तो एक तास तिच्या अंगात पाणी होऊन राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, की आईंना आडवं होता येत नाही, उशांना टेकून बसूनच झोपल्या. मी गेलो. ताईचे डोळे सुजलेले, घोट्यांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. बोलताना दम लागत होता. सून म्हणाली, “टायरच फुटला, त्याला मामा तरी काय करणार?” म्हणजे ताईने तिला एवढंच सांगितलं होतं. मी तोंड उघडलं, पण ताईने हातानेच मला गप्प केलं. मला वाचवायला नव्हे. तिला बोलणं ऐकायचा त्रास होत होता.

पुढच्या शनिवारच्या आत मी सगळं केलं. नवे टायर, स्टेपनी डिकीत, त्रिकोण, हवा मोजून. ताईच्या बिल्डिंगखाली वेळेच्या आधी जाऊन थांबलो. ती खाली आली ती सुनेने बोलावलेल्या रिक्षाकडे वळली.

“ताई, आता काही होणार नाही गं. चारही टायर नवीन घातलेत.”

“टायर कुणाचाही फुटतो रे,” ती म्हणाली. “मी तुला विचारलं होतं, रिक्षाने जाऊ का. तू मला थांबवून ठेवलंस. वर खोटं बोललास.”

आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती रिक्षात बसली, डावा हात मांडीवर नीट ठेवला. रिक्षा सुरू झाल्यावर तिने बाहेर वाकून मला बोलावलं.

“सोडायला येत जाऊ नकोस. न्यायला ये. येताना उशीर झाला तरी चालतो.”

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी मी तिला घाटकोपरहून घरी आणायला जातो. ती थकलेली असते, सीटवर मान टाकून डोळे मिटून घेते. माझ्यावर सोपवण्यासारखं तिला जे वाटलं, तेवढं तिने मला ठेवलं आहे.