आबांच्या तोफेची जुळी बहीण

बाबा चार वर्षं एकच धोशा लावून बसले होते आणि मी चार वर्षं टाळत होते. "कॉर्कच्या किनाऱ्यावर ती तोफ आहे, एकदा बघून ये." मी आयर्लंडमध्ये, पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. सुट्टी मिळाली की मला झोप हवी असते, तोफ नको. मग २०२१चा मे महिना आला. पुण्यात बाबांना कोविड झाला, घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि मला काही जाता येईना. दिवसभर इथल्या म्हाताऱ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा आणि ब्रेकमध्ये फोनवर स्वतःच्या बापाची नखं निळी पडलीत का ते बघायचं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाबा वाचले. धड बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तोफ बघितलीस का?" जिल्ह्याबाहेर जायची बंदी तोवर उठली होती, म्हणून जूनमध्ये मी दोन दिवसांची रजा टाकली.

आता ही काय भानगड आहे ते आधी सांगून टाकते. माझे आजोबा, म्हणजे आबा, दुसऱ्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी मुंबईच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या तोफखान्यात होते. आमच्या कोकणातल्या वाडीतले आणखी दोघं त्यांच्याबरोबर भरती झाले होते. आबांचं काम एकच: गोळा आत गेला की तोफेचं मागचं लोखंडी दार बंद करायचं. एकदा सरावाच्या वेळी जाळ मागच्या बाजूने बाहेर आला. वाडीतले ते दोघं जागीच गेले आणि आबांचा डावा हात मनगटापासून गेला. चौकशी झाली आणि आबांच्या हातात, म्हणजे उरलेल्या हातात, एक कागद ठेवला गेला. दार पुरतं बंद केलं नव्हतं, सबब नोकरीवरून कमी. गावाला तेवढं पुरलं. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते. आमच्या अंगणापाशी आली की भोई खांदा न बदलता पुढे निघून जायचे. आजी ओटीचं ताट घेऊन दारात उभी असायची, असं बाबा सांगतात. आबा एवढंच म्हणायचे, "दार बंद होतं."

ती मुंबईची तोफ केव्हाच भंगारात गेली. पण बाबांनी पुढे जन्मभर एका दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काम केलं, आणि त्या माणसाला कागदावरचा तोफेचा नमुना क्रमांक दिसला की पुढचं सगळं दिसतं. इंग्रजांनी एका नकाशावरून तोफ बनवली आणि तीच सगळीकडे पाठवली: आयर्लंड, एडन, मुंबई, सिंगापूर. एकच तोफ, एकच कवायत, एकच पुस्तक. म्हणजे मुंबईचं उत्तर आयर्लंडमध्ये सापडू शकतं. आबांची चूक होती की नव्हती, हे मरायच्या आधी बाबांना कळायला हवं होतं.

पोर्टलीशहून निघालात तर एम-८ पकडा. टोल दोनदा लागतो, सुटे युरो जवळ ठेवा. कॅशेलला आम्ही कॉफीसाठी थांबलो. आत बसायला अजून परवानगी नव्हती, त्यामुळे बाहेरच्या वाऱ्यात कप धरून उभे राहिलो. माझा नवरा मंदार गाडी चालवत होता. "लोक आयर्लंडमध्ये कडे बघायला जातात," तो म्हणाला, "आपण कडी-कोयंडा बघायला चाललोय." मला हसू आलं, आणि मग बाबांचा तो नळी लावलेला चेहरा आठवून हसण्याचीही लाज वाटली.

बँट्रीच्या पुढे रस्ता इतका अरुंद होतो की मधोमध गवत उगवलेलं असतं. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे तुम्हीच जायचं, तो जात नाही. मुक्काम एका बाईंच्या घरी, दोघांचे नव्वद युरो, सकाळच्या नाश्त्यासकट. नाश्ता मास्क लावून दाराबाहेर ठेवून गेल्या. सोडा ब्रेड अप्रतिम होता. माझ्या वाटचाही मंदारने खाल्ला.

किल्ल्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसाने आम्हाला जे करू दिलं ते नियमात बसणारं नव्हतं. डेनिस त्याचं नाव, सत्तरीचा, किल्ल्याची किल्ली खिशात घेऊन फिरणारा. मी फोनवर आबांची गोष्ट सांगितली होती, तर फक्त "ग्रँड," म्हणजे ठीक, "अकराला या" म्हणाला. तिकीट नाही, दारात देणगीची पेटी आहे. वरपर्यंत वीस मिनिटांची चढण. बूट चांगले घाला, चिखल बारमाही.

जागा सुंदर आहे आणि मला ती अजिबात आवडली नाही. खाली करडा समुद्र, वर काँक्रीटच्या खड्ड्यात ती काळी तोफ, तोंड पाण्याकडे. "देश आमचा झाला तरी हा किल्ला बरीच वर्षं त्यांच्याकडेच होता," डेनिस म्हणाला. "माझा आजोबा इथे तेल-पाणी करायचा. गावातले निम्मे लोक त्याच्याशी बोलत नसत." मी त्याला पालखीबद्दल सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला समजावून सांगायला फार वेळ लागला नाही.

पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते. व्हिडिओवर बाबा उशांना टेकून बसलेले, नाकात नळी, आणि डोळ्यांवर नोकरीतला जुना चष्मा.

"मने, दाराला ग्रीस आहे का?"

"आहे बाबा. इथले डेनिस दर महिन्याला लावतात."

"बंद कर. जोर लावून, पुरतं."

डेनिसने मान डोलावली. मी दांडा ओढला, दार फिरलं आणि ते अडकवून धरणारा खटका बसल्याचा आवाज आला.

"आता दांड्याला खालून दणका दे. दार सैल होतंय?"

मी दिला. मग मंदारने दिला. मग डेनिसने लाकडी हातोडी आणून दिली. दार केसभरही हललं नाही.

"नाही होत, बाबा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे एकदा बंद केलेलं दार आपोआप उघडत नाही," ते म्हणाले. "कागद बरोबर होता."

मला त्या तोफेला लाथ मारावीशी वाटली. ह्यासाठी आले होते का मी? बरा होत आलेला माणूस, आणि त्याला मी सहाशे किलोमीटरची ये-जा करून ही बातमी देत होते.

डेनिसला मराठी कळत नव्हतं, पण बाबांचा चेहरा दिसत होता. "तुझे वडील काय म्हणाले?" मी सांगितलं. "तपासनीस होते ना? मग त्यांना सांग, हा खटका नवा आहे. थांब जरा." तो कोठीत गेला, प्रेस, म्हणजे इथल्या बोलीत कपाट, उघडून एक डबा आणि एक पुस्तक घेऊन आला. डब्यात मूळचा खटका होता, धार झिजून गोल झालेला. पुस्तक म्हणजे त्या तोफेची कवायत, साम्राज्यातल्या सगळ्या तळांसाठी एकच छापलेली. काही बदललं की लंडनहून छापील पट्टी यायची आणि ती जुन्या मजकुरावर डिंकाने चिकटवायची, अशी पद्धत. अशा पट्ट्यांनी पुस्तक फुगलं होतं.

खटक्याच्या पानावर तशीच पट्टी होती. मी फोन समोर धरून बाबांना एकेक ओळ वाचून दाखवली. मतलब असा, की हा खटका वापराने झिजतो आणि मग बंद केलेलं दारही धक्क्याने सैल होतं. नवे खटके आधी जवळच्या किल्ल्यांना मिळतील. समुद्रापारच्या तळांनी पुरवठा होईपर्यंत जुन्यावरच काम चालवावं. खाली त्या तळांची नावं होती. चौथं नाव मुंबई. पट्टीवरची तारीख आबांच्या अपघाताच्या आठ महिने आधीची.

"परत वाच," बाबा म्हणाले. मी परत वाचलं.

"त्यांना माहीत होतं," ते म्हणाले. मला वाटलं, आता रडतील, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. तसं काही झालं नाही. "मने, मला नोकरी लागली ना, तेव्हा पहिल्या सुट्टीला घरी गेलो होतो. आबा जेवताना म्हणाले, दार बंद होतं. मी तपासनीस झालो होतो. मी म्हटलं, आबा, कागद खोटं बोलत नाही. त्यानंतर एकवीस वर्षं जगले. माझ्यासमोर ते वाक्य पुन्हा कधी बोलले नाहीत."

डेनिसने टोपी काढली होती, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

परतताना मंदार म्हणाला, "मुंबईचा तोच खटका झिजला होता, हे काही सिद्ध झालेलं नाही." खरं आहे. मीही तेच म्हणत होते मनात. पण आठ महिने आधी जुन्याच खटक्यावर काम चालवा म्हणणाऱ्यांनी चौकशीच्या कागदात खटका पाहिल्याचा एक शब्द लिहिलेला नाही, हेही खरं आहे.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, समुद्र छान दिसतो. तोफेसमोर फोटो काढताना तिच्या मागच्या बाजूला कोण उभं असायचं, एवढं आठवा.

पोर्टलीशला आल्यावर तीन दिवसांनी ड्युटीवर असताना बाबांचा फोटो आला. आबांचा तो पिवळा कागद. "दार पुरतं बंद केलं नव्हतं" ह्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, डिंकाने नीट चिकटवलेली, कडा फूटपट्टी लावून कापलेल्या. तिच्यावर बाबांचं कारखान्यातलं अक्षर: दार बंद होतं. खटका तपासलेला नाही. खाली तारीख, सही, आणि सहीखाली हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं: मुलगा.