शेठ टाळ्या वाजवतो

माझ्या दुकानाच्या खालच्या खणात जुन्या चार्जरचा एक गुंता पडलाय. कोणता कुणाचा ते आता कुणाला ठाऊक नाही, आणि फेकायला हात होत नाही. आमच्या मंडळींचे किस्सेही तसेच साठलेत. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

शहापुरात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की दोन जण हमखास टपकतात. एक खर्डीचा बाळू, रिक्षावाला. दुसरा मुरबाडकडच्या धसईचा जनू, त्याचा भाजीचा टेम्पो आहे. दोघं चाळिशीला टेकलेत, पोरं मोठी झालीत, आणि दोघांचं जन्माचं भांडण एकाच प्रश्नावर: व्हिडिओ गेममधला भगत जिंकेल की शेठ?

हसू नका. आधी ऐका.

*

मी पण खर्डीचीच. बाबांचं स्टेशनबाहेर सायकलचं दुकान होतं आणि कोपऱ्यात मारामारीच्या गेमची कपाटाएवढी मशीन उभी होती. कॉइन टाकायचं, दांडा धरायचा, बटणं बडवायची. गड्यांची नावं कुठल्या तरी परक्या लिपीत, मग बारसं आम्हीच केलं. लांब दाढीचा, हातातून आग सोडणारा, तो भगत. आमच्याकडे पाड्यावर भूतबाधा उतरवणारा भगत असतो, त्याची दाढी अगदी तशीच!

बाळू कायम भगतच घ्यायचा. त्याचं बघून आम्हीही. दुसऱ्या गड्याला खर्डीत कुणी हात लावला नाही.

एकदा खराखुरा भगत सायकलीत हवा भरायला आला. पोरं बोंबलतायत, "भगता, जाळ त्याला! जाळ!" म्हातारा दचकला. मग कमरेवर हात ठेवून त्यानं अख्खी फाइट बघितली. स्क्रीनवर आगीचे लोळ, समोरचा गडी कोळसा.

"हा आमच्यातला नाय," म्हातारा म्हणाला. "आमी पडलेला मानूस उठवतो, हा उभा मानूस पाडतोय!" जाता जाता दारातून पुन्हा वळला. "पन एक हाय. कुनापुढं वाकत नाय गडी."

खरंच होतं ते. समोरचे गडी खाली वाकून लाथा चुकवायचे. आमचा भगत सगळ्या लाथा उभ्यानं खायचा. बाळूनं म्हाताऱ्याचं ते वाक्य असं काही मनावर घेतलं की विचारू नका.

*

पुढे बाळूची रिक्षा आली तरी तेच. पाड्याकडच्या अरुंद रस्त्यावर एकदा समोरून ट्रॅक्टर आला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. कुणीतरी एकानं मागे जायलाच हवं.

"दादा, मागं घे जरा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

बाळूनं इंजिन बंद केलं. ट्रॅक्टरवाल्यानंही केलं. रिक्षात एक मावशी बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांनी बराच वेळ वाट बघितली, मग उतरल्या आणि बांधावरून चालू लागल्या.

"ओ मावशी, भाडं?" बाळू ओरडला.

"घरी ये न्यायला," मावशी मागे न बघता म्हणाल्या. "पोचलास तर!"

*

जनू आम्हाला शहापूरच्या आयटीआयमध्ये भेटला. धसईच्या बाजारातही एक मशीन होती, पण गेम वेगळा, गडी वेगळे. त्यात एक ढेरपोट्या होता. तो ना आग सोडायचा, ना उड्या मारायचा. समोरच्याला आडवा करायचा आणि त्याच्या अंगावर जाऊन बसायचा! बसला की फाइट खलास. धसई तांदळाच्या व्यापाऱ्यांचं गाव, त्यामुळे नाव ठेवायला वेळ लागला नाही. शेठ!

"आमचा भगत आडवाच होनार नाय, मंग तुमचा शेठ बसनार कुठं?" बाळू.

"एकदा बसू तर दे. उठलास तर नाव बदलीन," जनू.

शेवटी बाळू धसईला गेला, शेठ हातात घेऊन बघायला. खेळता खेळता दांडा खाली ओढला गेला आणि शेठ उकिडवा बसला. बाळू हबकलाच. "अरे, हा खाली बसला! बिघडलीय तुमची मशीन!"

"बिघडली नाय," जनू म्हणाला. "शेठ हाय तो. बसनार नाय तं काय करनार?"

पण भगत एका मशीनमध्ये, शेठ दुसऱ्या मशीनमध्ये. ते समोरासमोर येणार कसे? आणि मग तर मशीनीच गेल्या. बाबांनी आमची भंगारात दिली. दांड्याच्या टोकावरचा तो लाल गोळा मला अजून कधी कधी तळहाताला जाणवतो. तेव्हा दुकानात एकटीच असले तर फार आठवण येते, कुणाची ते सांगता येत नाही. बाबांची, खर्डीची, की सगळ्याचीच.

*

बरीच वर्षं गेली. एके दिवशी बाळू दुकानासमोर रिक्षा वाकडीतिकडी लावून आत घुसला. "संगे! बघ गो, हा बघ!"

मोबाइलवर ट्रेलर होता. दोन्ही गेमवाल्यांनी हात मिळवले होते. दोन्हीकडचे गडी एकाच गेममध्ये लढणार! भगत दिसला, दाढी दिसली, आग दिसली. शेवटी नुसता धूर आणि धुरात एक सावली. चेहरा नाही, फक्त पोट.

जनू टेम्पो घेऊन कल्याणच्या मार्केटला होता. त्याला व्हिडिओ पाठवला. थोड्या वेळानं फोन आला.

"जनू? अरे, बघितलास का?"

"पोट शेठचंच हाय," जनू म्हणाला. "मी वळखतो ना."

त्यानंतर गेम पुढे ढकलला. पुन्हा ढकलला. दर वेळी आम्ही तोच ट्रेलर काढायचो आणि ते पोट थांबवून थांबवून बघायचो. जनूची बायको मनीषा एकदा मोबाइलची काच बदलायला आली, ती वैतागून म्हणाली, "ताई, तो शेठ एकदाचा येऊ दे गो! लग्नाआधी माझी पन एवढी वाट नाय बघितली यांनी!"

मी हसले. पण खरं सांगू? मीही तेवढीच वाट बघत होते.

*

गेम आला. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला गेमचा डबा होता, तो काउंटरवरच्या टीव्हीला जोडला. ठरलं होतं की पहिली फाइट भगत आणि शेठचीच, तोवर कुणी हात लावायचा नाही. जनू इस्त्रीचा शर्ट घालून आला, वर पेढ्यांचा बॉक्स! डाउनलोड व्हायला दुपार झाली. माझं वायफाय कमी पडलं म्हणून दोघांनी आपापले हॉटस्पॉट लावले, आणि गिऱ्हाइकांना मी हातानंच "उद्या, उद्या" करत होते.

एकदाचे गड्यांचे फोटो आले. भगत पहिल्याच रांगेत. जनूनं शेठ शोधायला घेतला. वरून खाली शोधला, खालून वर शोधला. मग गेमचा रिमोट माझ्या हातात दिला. "तू बघ गो. मला दिसत नसंल."

मी पण बघितलं. शेठ नव्हता.

बाळूनं भगत घेतला आणि समोर कुणीतरी दुसराच गडी घेऊन फाइट चालू केली. लढाईची जागा म्हणजे एक बाजार होता, मागे बघ्यांची गर्दी. जनू उठला आणि त्यानं टीव्हीवर बोट ठेवलं.

"हा बघा."

गोण्यांच्या थप्पीशेजारी, गर्दीत, शेठ उभा होता. तेच पोट. तो लढत नव्हता. टाळ्या वाजवत होता. कुणीही मारलं, कुणीही पडलं, तरी हा आपला टाळ्या वाजवतोय.

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण बाळू कसला गप्प बसतोय! "बघ, जन्या! शेवटी तुमचा शेठ पन भगतालाच टाळ्या वाजवतो!"

जनूनं पेढ्यांचा बॉक्स न उघडताच काउंटरवर ठेवला आणि निघून गेला. तिन्हीसांजेला बघितलं तर तो आयटीआयच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही बाहेर पडला होता.

*

बाळूनं दाखवलं नाही, पण लागलं त्यालाही. दोन दिवस रुसल्यासारखा फिरकला नाही. मग आला आणि मुकाट्यानं भगत घेऊन खेळायला बसला. खेळता खेळता रिमोटवरचा अंगठा खाली गेला आणि भगत गुडघ्यात वाकला.

बाळूनं पुन्हा दाबलं. भगत पुन्हा वाकला, दाढी पार जमिनीला लागली.

"संगे," तो म्हणाला, "हा वाकला गो."

इतकी वर्षं रिपेअरिंग करते, माझ्या डोक्यात लगेच आलं. बाबांच्या मशीनच्या दांड्याचा खालचा स्विच गेलेला असणार. भगत सगळीकडे वाकत होता, फक्त खर्डीत वाकत नव्हता. मी बाळूला तसं समजावून सांगितलं.

त्यानं भगताला अजून एकदा वाकवून बघितलं. "एक स्विच बदलायला काय झालं होतं तुज्या बापाला!" असं म्हणाला आणि रिमोट खाली ठेवला. मग हळूच, "जनूला फोन लाव."

जनूनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

"दुकान बंद कर," बाळू म्हणाला. "धसईला जाऊ."

*

बाळूनं मुरबाडवरून रिक्षा थेट धसईला, जनूच्या दाराशी नेली. जनू घरी नव्हता. मनीषानं मागच्या बाजूला बोट दाखवलं. "यांच्या मावशीच्या परड्यात असतील. टेम्पो लावला की तिथंच जाऊन बसतात, कोंबड्यांपाशी."

परड्यात पत्र्याखाली धसईची ती जुनी मशीन उभी होती! मावशीच्या नवऱ्यानंच ती बाजारात चालवली होती. आता स्क्रीन काढून तिथं जाळी मारली होती, आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. दांडे मात्र दोन्ही शाबूत. समोर भाजीचा क्रेट उलटा टाकून जनू बसला होता. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली.

बाळू माफीबिफी काही मागत बसला नाही. सरळ मशीनशी गेला आणि दुसऱ्या बाजूचा दांडा धरला. "चल. भगत घेतला मी."

बाळूनं तोंडानं आग सोडली. "फूऽऽऽ!" कोंबडीनं मान वर केली.

"शेठला आगीनं काय होत नाय," जनू तिकडे बघतच पुटपुटला.

"फूऽऽऽ!"

"सांगितलं ना, काय होत नाय!" आणि जनू उठला. त्याचा हात आपोआप दांड्यावर गेला.

मग जी जुंपली! दोघं घोडे बटणं बडवतायत, तोंडानं लाथा-बुक्क्यांचे आवाज काढतायत, आतून कोंबडी कलकलतेय. "ही लाथ!" "पोटाला लागली, चालतंय!" "ही घे आग!" "चुकवली!" घामानं दोघांचे शर्ट पाठीला चिकटले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

"वाक रे, बाळ्या!" जनू ओरडला. "शेठ अंगावर येतोय, वाक!"

"आमचा वाकत नाय!"

"मंग पडशील!"

बाळू थांबला. जाळीतल्या कोंबडीकडे बघितलं, जनूकडे बघितलं. दांडा सोडला, दोन पावलं मागे गेला, आणि खाकी शर्टासकट परड्यातल्या त्या घाणीत उताणा आडवा झाला.

"बस," तो म्हणाला.

जनूचा हात अजून दांड्यावरच.

"बस ना रे! किती वर्षं उभा राहशील?"

जनू पुढे आला, पँट जरा वर ओढली आणि बाळूच्या पोटावर मांडी घालून बसला.

आवाज ऐकून मावशी दाण्यांची पाटी घेऊन धावत आली. "अरे मेल्या, ऊठ त्याच्यावरनं! मरंल ना तो!"

जनू उठला नाही. खालून बाळूनं कसेबसे दोन्ही हात मोकळे केले आणि टाळ्या वाजवायला लागला.