एक शब्दही न बोलता घातलेला घोळ

आता तुम्ही म्हणाल, आबा, तुम्ही तर दिवसाला दहा शब्द बोलता, तुमच्या हातून कसला घोळ होणार? अहो, एक शब्दही न बोलता झाला!

माझ्या नातीचं, सईचं, श्रीजितशी जमलं. दोघं इथे परदेशात, वॉटर्लूत नोकरीला. पोरगा केरळचा, पण पुण्यात शिकलेला, त्यामुळे मराठी छान बोलतो. फक्त त्याच्या आजोबांचा होकार मिळायचा होता आणि त्यासाठी ते आमच्या स्कारबरोच्या घरी येणार होते. सई मला म्हणाली, "आबा, तेवढं इम्प्रेशन सांभाळा हं."

मी चौथी शिकलेला. रीतभात कुठून शिकणार? म्हणून बेसमेंटमध्ये बसून दोन महिने मल्याळी सिनेमे बघितले.

काय सिनेमे हो! बाई मासे साफ करते तर खवले खरेच उडतात. हिरोला टक्कल असतं, पोट असतं. बापाचं मन दुखावलं तर तो ओरडत नाही, अंगणात जाऊन नुसता उभा राहतो. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं लावेस्तोवर पळायची; तरी दोनदा रडलो.

एक रीत मात्र मी पक्की हेरली. समोर कुणी मोठा माणूस आला की हिरो सावकाश वाकतो, मुंडूचा, म्हणजे त्यांच्या लुंगीसारख्या पांढऱ्या धोतराचा, काठ उचलतो, गुडघ्यावर दुमडून कमरेला बांधतो आणि रोखून बघतो. सगळे चिडीचूप! केवढा तो आदर!

नोव्हेंबरात आजोबा आले. कृष्णन त्यांचं नाव, फौजेतून निवृत्त. श्रीजितने दिलेलं मुंडू मी नेसलोच होतो. ते दारातून आत आले, मी उठलो. सावकाश वाकलो. काठ उचलला, दुमडला, बांधला आणि रोखून बघितलं.

सगळे चिडीचूप!

कृष्णन आजोबांचा चेहरा पडला. "क्या हुआ? शादी मंजूर नहीं?"

"आबा, what are you doing!" सई किंचाळली.

मला वाटलं, आदर कमी पडला. मी एक पाऊल पुढे टाकलं.

श्रीजित मध्ये धावला. "आबा, हे मारामारीच्या आधी करतात! सिनेमात पुढे काय होतं, बघितलं नाहीत?"

"मारामारी मला बघवत नाही रे. मी तेवढ्यात चहा टाकायला उठतो."

त्याने हे आजोबांना मल्याळीत सांगितलं, आणि ते सोफ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "गाँव में तो मुंडू बस काम करने को ऊपर बाँधते थे. ये स्टाइल सिनेमा ने सिखाया. मैं भी बॅरक में शीशे के सामने करता था!"

श्रीजित हळूच म्हणाला, "आबा, आदर दाखवायचा तर वर बांधलेलं खाली सोडतात."

एवढंच ना? होकार अजून मिळायचा होता. मी घाईने गाठ सोडली. पण कुठली गाठ कशाची, हे मला काय ठाऊक?

सगळं मुंडू पायाशी! आणि सगळ्यांसमोर मी, थंडीसाठी आत घातलेल्या लाल थर्मलमध्ये.

कृष्णन आजोबा ताडकन उठले, हात जोडून म्हणाले, "शादी पक्की, भाईसाब, पक्की! लेकिन इतना इज्जत नहीं मांगता!"