बद्द वाजलेलं विमान

काकांनी मला फसवले, असे मी कल्याणच्या बाजारात सहा वर्षे सांगत आलो. खरे असे की मी काकांना फसवले. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मी पुन्हा स्वतःच्या बाजूने घासाघीस करीन. सवय आहे.

काका नात्याने कोणी नव्हते. रेल्वेत होते. कल्याणला गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्यांच्या कडेने चालत आणि एकेका चाकाला ठोका देत. चाक खणखणीत वाजले तर पुढे. बद्द वाजले तर आत चीर, डबा बाजूला. नोकरी संपली, ठाकुर्लीला दोन खोल्यांत राहू लागले, पण हात थांबला नाही. ठोका द्यायचा, मान डावीकडे कलती करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा. ऐकू द्या."

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करी छावण्यांतला जुना माल लिलावात निघू लागला. तोवर मी हातगाडीवर भंगार गोळा करीत होतो. घासाघिशीत मी कोणाला ऐकत नसे, पण लोखंडाच्या पोटात काय आहे ते मला कळत नव्हते. काकांना कळे. दोन वेळचा चहा आणि टांग्याचे भाडे, एवढ्यावर ते माझ्याबरोबर येत. "बद्द आहे, शेठ," एवढे ते म्हणाले की मी विकणाऱ्याच्या अंगावर धावून जाई आणि भाव निम्मा पाडी. माझे दुकान त्या कानावर उभे राहिले. हे मी कोणाला सांगितले नाही.

लोखंडापलीकडचे मात्र ते बोलत नसत. एकदा माझ्या बायकोने लोणच्याची बरणी पुढे केली.

"काका, हिला चीर आहे का बघा हो."

काकांनी हात मागे घेतले. "वहिनी, चिनी माती माझी नाही."

"अहो, वाजवून तर बघा!"

"वाजेल. पण मला कळणार नाही."

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला काय कळत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

पुढे कलकत्त्याला मोठा लिलाव निघाला. कागद उशिरा आला, आगगाडीने पोचणे शक्य नव्हते. मी विमानाची दोन तिकिटे काढली आणि बाजारभर दाखवत फिरलो. आयत्या वेळी रद्द केल्यास पैसे परत नाहीत, असे त्यांवर छापले होते. त्याच आठवड्यात कुठेतरी विमान डोंगरावर आदळल्याची बातमी पेपरात आली. तीन दिवस मी तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचली. बोललो मात्र कोणाशीच नाही.

सांताक्रूझला उन्हातून चालत आम्ही शिडीपाशी गेलो. काका खुषीत होते. मी पहिल्या पायरीशीच थांबलो.

"काका, जरा वाजवून बघा."

त्यांनी छत्रीच्या मुठीने विमानाच्या पत्र्यावर ठोका दिला. "थांबा. ऐकू द्या." मग डोळे उघडले. "शेठ, हा ॲल्युमिनियमचा पत्रा. हे माझं नाही."

"पण वाजलं कसं?"

"बद्द. पण चांगला पत्राही असाच वाजत असेल. मला नाही कळत."

मला 'बद्द' एवढेच पुरले. मी मागे फिरलो.

विमान कंपनीच्या ऑफिसात टेबलावर मूठ आपटली. "विमान फुटकं आहे. पैसे परत द्या!"

साहेबाने इंजिनिअरला पाठवले. विमान खोळंबले, उतारू खिडक्यांतून बघू लागले. इंजिनिअर तपासून हसतच आला. "फुटकं कोणी सांगितलं?"

मी काकांकडे बोट केले. "यांनी. रेल्वेत जन्म गेला यांचा."

काकांनी माझ्याकडे पाहिले. माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता, मुठीत तिकिटांचा चोळामोळा झाला होता. ते सारे त्यांनी पाहिले.

"होय साहेब," ते म्हणाले. "मीच म्हणालो."

"बाबा, चाकंही ठोकायची का? रबराची आहेत!" सगळे ऑफिस हसले.

विमान गेले आणि सुखरूप पोचले. पैसे गेले, लिलाव गेला. बाजारात लोक विचारू लागले, "काय शेठ, आलात जाऊन?" तेव्हा मी म्हणालो, "म्हाताऱ्याने फसवलं. कान गेलाय त्याचा." एकदा सांगून बरे वाटले, मग रोज सांगितले. टांगेवाले चाकांचे आस दाखवायला काकांकडे जात, ते जाईनासे झाले. स्टेशनाच्या पुलावर कोणीतरी ओरडे, "काका, विमान वाजवता का?" ते हसून पुढे जात.

दोन वर्षांनी मला राहवेना. माफी मागायला जीभ वळेना, म्हणून एक लोखंडी कप्पी घेऊन ठाकुर्लीला गेलो.

"काका, जरा ऐका हिला."

त्यांनी चहा दिला, मुलांची चौकशी केली. कप्पीला हात लावला नाही.

"शेठ, हे माझं नाही."

"अहो, लोखंड आहे!"

"हो. पण आता तेही माझं नाही."

मागच्या महिन्यात ते गेले. मी घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा हातोडी दारामागे उभी होती. तिच्या दांड्यावर कोळ्याने जाळे विणले होते.

काका, आयुष्यात मला कोणी काही फुकट दिले नाही आणि मी मागितले नाही. मग त्या ऑफिसात तुम्ही 'मी असं म्हणालो नाही' एवढे का बोलला नाहीत? भर बाजारात मला एकदा तरी खोटे का पाडले नाहीत? भांडायचे होते. घासाघिशीत मी खाली उतरलो असतो. गप्प का बसलात? सांगा. मला उत्तर पाहिजे.