व्यालेल्या म्हशीचं पोट
म्हैस सकाळी व्याली, वार पडली, आणि त्यामागोमाग जे रक्त सुरू झालं ते थांबेचना. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. नवरा परगावी, म्हणून मीच अंगणात जाऊन गोरेगावच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावत बसले.

व्यालेल्या जनावराच्या तोंडी घुगऱ्या पडल्याशिवाय आमच्या घरात कुणी चहासुद्धा घेत नाही. फोन करून गोठ्यात आले तर सासूबाई गूळ घातलेल्या बाजरीच्या घुगऱ्यांचे गोळे करून म्हशीच्या जबड्यात कोंबत होत्या. ती बिचारी मान फिरवत होती.

"आई, काहून बळजबरी करता?"

"एवढं रगत गेलंय. पोटात काई पडल्याबिगर भरून येईल का?"

मला पटलं. घमेलं मीच पुढं सरकवलं.

डॉक्टर आले, त्यांनी आत टाके घातले, रक्त थांबलं. मग त्यांनी म्हशीच्या डाव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धरली आणि मान वर करून विचारलं,

"हिला काही चारलंय का?"

सासूबाईंनी रिकाम्या घमेल्याकडं बोट केलं.

"रक्त कमी पडलं की शरीर आधी काळीज न् मेंदू सांभाळतं, आजी. पोटाच्या वाट्याला रक्तच उरत नाही, मग ते हलायचं थांबतं. वरून घातलेलं पुढं सरकत नाही. तिथंच आंबतं, फुगतं." सलाईन लावून ते म्हणाले, "आता फक्त हे. मूठ इथं ठेवा. आतून ढकलल्यासारखं लागलं, तर म्हैस तुमची."

सासूबाईंनी मूठ ठेवली ती हलवलीच नाही. मी बाटलीतले थेंब बघत होते, म्हशीचे थंड पडलेले कान चाचपत होते, आणि खरं सांगायचं तर मनातून सासूबाईंवर धुमसत होते. दुपारी भकाळी आणखी वर आल्यासारखी दिसली. मी देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

उन्हं कलली तेव्हा सासूबाई एकदम म्हणाल्या, "हाललं!" मी हात लावला. खरंच, आतून हळूच कुणीतरी ढकलत होतं. थोड्या वेळानं म्हशीनं ढेकर दिला आणि ती जबडा हलवायला लागली. रवंथ! मी रडतच हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची मूठ तिथंच होती.

"माझी थोरली लेक बाळंत झाली तवा तिचं बी असंच रगत गेलतं. नको नको म्हणत व्हती, तरी मी तिला वाटीभर शिरा चारला. तिचं बी पोट असंच थांबलं असंल का गं, पोरी?"

माझी ती नणंद त्याच बाळंतपणात गेली, मी या घरात येण्याच्या आधी.

"माणसाचं वेगळं असतं, आई," मी म्हटलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"डाक्टरला इचारशील?"

"विचारते," मी म्हणाले, आणि अजून विचारलेलं नाही.